पेटी उघडणारी माणसे

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. हलके धान बांधीतून घरी आलेले असते, भारी धान पिवळे होऊन अजून उभे असते, आणि या मधल्या सवडीत गावे जणू आपसांत दिवस वाटून घेतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा गायगोधनाची ढाल नाचते, पोरे फुग्यांभोवती आणि शेव-चिवड्याच्या दुकानांभोवती घोटाळतात. रात्री दंडार, खडी गंमत, नाही तर झाडीपट्टीचे नाटक. माहेरी आलेल्या लेकी, पाहुणचाराला आलेले जावई आणि अंगावर चादर ओढून बसलेली म्हातारी माणसे, सगळी एका मांडवाखाली पहाटेपर्यंत जागतात.

अशाच एका मंडईत काही वर्षांमागे घडलेली गोष्ट. कार्यक्रमात बेंजो वाजवणारा एक तरुण होता. त्याच्या पायाशी पाटीपेन्सिलीच्या डब्याएवढा एक लोखंडी डबा होता. बेंजोची तार त्या डब्यात, डब्यातून दुसरी तार लाउडस्पीकरकडे. त्या डब्यामुळे एक सूर चार वेळा घुमून येई आणि मांडव भरून जाई. ऐन रंगात डबा बंद पडला. कोणीतरी घाईत भलताच अडॅप्टर जोडला होता. वाजवणाऱ्याचे तोंड उतरले. तेवढ्यात गर्दीतून माझा एक जुना विद्यार्थी पुढे आला. बाजाराच्या गावी तो टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करतो. त्याने विजेरी दातांत धरली, चार स्क्रू काढले, आतले हिरवे पान न्याहाळले आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा तुकडा चिमट्याने उपटून काढला. “उलटी वीज आली, तर मरायला म्हणूनच हा ठेवलेला असतो, गुरुजी,” तो म्हणाला. “हा मेला म्हणून बाकीचे वाचले.” मग नऊ व्होल्टची साधी बॅटरी जोडली आणि डबा पुन्हा घुमू लागला.

डब्याच्या बुडाला एक चिकटपट्टी होती. डबा उघडल्यास कंपनीची हमी रद्द होईल, अशी तिच्यावर सूचना होती. स्क्रू काढताना ती फाटली. त्या फाटलेल्या पट्टीने मला विचारात पाडले. मी मॅट्रिकवर थांबलेला शाळामास्तर. संगीतशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने जुन्या गोष्टी मात्र धुंडाळीत असतो. त्या धुंडाळण्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. आपण ज्यांना आज आपली वाद्ये म्हणतो, त्यांतली पुष्कळशी कोणीतरी अशीच उघडली होती. ज्यांनी उघडली, त्यांची नावे फार थोडी उरली. आज त्यांचीच हकीकत सांगावयाची आहे.

*

मिरजेपासून सुरुवात करू. सतारी आणि तंबोरे यांसाठी आज सगळ्या देशात नाव असलेल्या या गावातील कारागिरांचा मूळ धंदा शिकलगारीचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानी फौजा ओसरल्या आणि शस्त्रांचे काम आटले. त्याच सुमारास संस्थानांत येणाऱ्या गवयांचे मोडके तंबोरे दुरुस्तीला येऊ लागले. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव या परंपरेत आद्य म्हणून घेतले जाते. दुरुस्ती करता करता हात बसला, आणि ज्यांनी दुसऱ्यांची वाद्ये उघडली, त्यांचीच मुले-नातवंडे पुढे नवी घडवू लागली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाच्या मुळाशी दुरुस्तीचे काम आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यापेक्षा मोठी कथा बाजाच्या पेटीची. आपल्या घरातील भजनी मंडळाची पेटी ही अस्सल देशी, असे कित्येकांना वाटते. वास्तविक हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर देबाँ याने १८४२ मध्ये घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून, दोन्ही हातांनी वाजवण्याचे. मिशनरी आणि साहेब लोक ते हिंदुस्थानात घेऊन आले. आपला गवई बसणार जमिनीवर, त्याला पायभाता काय कामाचा? शिवाय आपल्या गाण्यात एका वेळी एकच सूर चालतो. दोन्ही हातांनी सूरसमूह दाबण्याची गरज नाही. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत या वाद्याचे पाय काढले, भाता पाठीमागे आणून डाव्या हाताला दिला आणि उजवा हात सुरांसाठी मोकळा ठेवला. तंबोऱ्याप्रमाणे सतत वाजत राहणाऱ्या सुरांच्या खुंट्याही पेटीत आल्या. पॅरिसचे वाद्य अशा रीतीने आपल्या सतरंजीवर बसले.

महाराष्ट्रात पेटीला मोठे केले ते संगीत रंगभूमीने. १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पायपेटी, म्हणजे ऑर्गन, नाटक मंडळ्यांच्या बैलगाड्यांतून गावोगाव हिंडली. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर तर दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामात ऑर्गनवाला हा नटाइतकाच महत्त्वाचा इसम असे. या रंगभूमीवर जन्म काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वडसा-देसाईगंजच्या बाजूला आणि आमच्या लाखांदूर-साकोलीकडेही लोकांना घरचे कार्य झाल्याचा आनंद झाला.

परंतु पेटीविरुद्ध एक तक्रार सुरुवातीपासून होती आणि ती खोटी नव्हती. पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. आपल्या रागांतील कोमल गांधार सगळीकडे एकाच जागी नसतो. कुठे किंचित उतरलेला, कुठे किंचित चढलेला. पेटीची पट्टी दाबली की एकच ठराविक सूर निघतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० मध्ये पुस्तक लिहिले, आणि क्लेमेंट्स नावाच्या मुलकी सेवेतील इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची वेगळी पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे या पेटीवरून चांगलाच वाद झाला. गवयांचा गळा खरा की पेटीचे गणित खरे, हा त्या वादाचा गाभा होता. ती पेटी प्रचारात आली नाही.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवरून बाहेरच काढले. ती बंदी १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. एकतीस वर्षे! या काळात आमच्या खेड्यांतल्या भजनांना आणि दंडारींना मात्र त्या बंदीचा पत्ताही नव्हता. पेटी लावणारे कारागीर पितळी जिभल्या कानशीने घासून आपल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याप्रमाणे सूर हलवून देतच होते. जिभलीचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. एवढ्या दोन वाक्यांत त्यांचे शास्त्र आणि कानात त्यांची प्रयोगशाळा. देवलांचे स्वप्न पुढे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी वेगळ्या रीतीने हाती घेतले. त्यांच्या पेटीत पट्टीजवळ खुंटी ओढून त्या सुराची श्रुती बदलता येते.

*

पेटी युरोपातून आली. बेंजो आला जपानातून. येथे नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेतले कातड्याने मढवलेले बॅन्जो निराळे. आपल्या मिरवणुकांतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरातील गोरो मोरिता याने लांबट पेटीवर तारा ताणल्या आणि टंकयंत्राच्या बटणांसारखी बटणे त्यांच्यावर बसवली. डाव्या हाताने बटण दाबावे, उजव्या हाताने तार छेडावी. त्याच वर्षी जपानात ‘तैशो’ राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचे नाव ‘तैशोगोतो’. जपानी खेळण्यांबरोबर आणि किरकोळ मालाबरोबर ते हिंदुस्थानच्या बंदरांत उतरले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले आणि तिकडच्या वादकांनी त्याला लांबरुंद करून मैफलीत बसवले. आपल्याकडे ते पोरांच्या हाती ‘बुलबुल’ झाले आणि मुंबई-कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो’.

मिरवणुकीत ढोल-ताशांपुढे या नाजूक वाद्याचा निभाव कसा लागणार? तेव्हा ते उघडावे लागले. त्यासाठी जी युक्ती हाताशी आली, ती गिटारीची.

विजेच्या गिटारीचा जन्मही असाच गरजेतून झाला. अमेरिकेत हवाई बेटांच्या पद्धतीची गिटार वाजवणाऱ्यांचा आवाज मोठ्या वाद्यवृंदात बुडून जाई. १९३१ च्या सुमारास जॉर्ज बोशाँ याने तारांखाली लोहचुंबक ठेवला आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिले. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की वेढ्यांत तशीच थरथरती, अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती वाढवून लाउडस्पीकरला दिली की झाला आवाज. त्याला पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. हायस्कुलातील विज्ञानाच्या पुस्तकात फॅरेडेचा जो प्रयोग असतो, तोच हा. यात लाकडी पोकळीची गरज नाही. गरज आहे ती पोलादी तारेची.

बेंजोची तार पोलादीच होती! मग गिटारीचा पिकअप बेंजोच्या तारांखाली जाऊन बसायला कितीसा वेळ? कोणी तयार पिकअप घातला, कोणी घरी वेढे दिले. तारांची संख्या बदलली, बटणे बदलली, पेटी मजबूत झाली. हे बदल करणाऱ्यांची नावे कोणत्या ग्रंथात नाहीत. या वादकांच्या आयुष्यावर रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा गिरणगावाबाहेरच्या पुष्कळांना हे वाद्य नीट पाहायला मिळाले. आमच्या नागपूर-भंडारा-गोंदियाकडे आणि पलीकडे छत्तीसगडात वरातीच्या या ताफ्याला धुमाल म्हणतात. गाडीवर कीबोर्ड, पॅड, भोंगे, पुढे ताशे आणि मागे नाचणारी तरुण मंडळी.

माझ्या त्या दुरुस्तीवाल्या विद्यार्थ्याने एक गंमत सांगितली. धानाच्या शेतीमुळे आमच्याकडे पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकाने जागोजाग आहेत. त्याने पहिला पिकअप बनवायला तेथूनच तार आणली. ती इतकी जाड निघाली, की शे-दोनशे वेढ्यांतच जागा संपली आणि आवाज काही येईना. मग भंगारातल्या जुन्या रिलेची बारीक तार उलगडून, मोजत मोजत पुन्हा वेढे दिले. या खेपेला आवाज आला, परंतु त्याबरोबर एक घोंगावणेही आले. घराघरांतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, ते हेलकावे पिकअपच्या वेढ्यांना ऐकू येतात. त्याने पेटीला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावला आणि तो जमिनीच्या तारेला जोडला. घोंगावणे पुष्कळच कमी झाले. “हे कोणत्या पुस्तकात सापडले?” मी विचारले. तो म्हणाला, “तुम्हीच नववीत शिकवलं होतं, गुरुजी.” मला आठवत नव्हते; तरी त्या दिवशी घरी जाताना छाती थोडी पुढे होती.

*

आता नक्कल करणाऱ्या वाद्यांकडे येऊ. १९५४ सालचा ‘नागिन’ चित्रपट आठवा. त्यातली बीन ऐकून नाग पडद्याकडे यायचे, अशा वंदता आमच्या वडीलमंडळींच्या तोंडी होत्या. ती बीन भोपळ्याची नव्हतीच! फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन याने १९४७ मध्ये तयार केलेल्या क्लाव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शहा यांनी. संगीत दिग्दर्शक होते हेमंतकुमार. हुबेहूब बीन काढण्यासाठी ते यंत्र कोणी बनवले नव्हते. ती बीन कल्याणजींच्या बोटांनी त्यातून काढली. पुढे बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर उचलली, बेंजोवाल्यांनी बेंजोवर, आणि आज वरातीत रुमालाचे टोक तोंडात धरून नाचणारा नवरदेवाचा मित्र खऱ्या बिनीवर नव्हे, तर नकलेच्या नकलेवर डोलत असतो.

बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ मध्ये विजेचा तंबोरा बनवला, तेव्हा मोठ्या तंबोऱ्याचे ओझे वाहून थकलेल्या गायकांची सोय झाली. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, जपानच्या कॅसिओ कंपनीचा पहिला कीबोर्ड बाजारात आला. वनस्पती तुपाला जसे सरसकट डालडा म्हणतात, तसे आमच्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओ म्हणू लागले आणि वाजवणाऱ्याला कॅसिओवाला. झाडीपट्टीच्या नाटकातली पायपेटी हळूहळू त्याच्यापुढे मागे सरली.

१९८२ साली मुंबईचे वादक चरणजितसिंग यांनी दहा राग यंत्रांच्या तालावर वाजवून एक तबकडी काढली. त्यांतले रोलँड कंपनीचे एक छोटे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथ देण्यासाठी, बास गिटारीची नक्कल म्हणून बनवलेले. नक्कल इतकी फसली, की कंपनीला ते यंत्र बंद करावे लागले. परंतु त्याचा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जाई, आणि सिंग यांना रागाच्या मींडेसाठी तेच हवे होते. तबकडीकडे त्या वेळी कोणी फिरकले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चकित झाले. कारण तिकडे तसल्याच यंत्रावर पुढे एक नवे नृत्यसंगीत उभे राहिले होते आणि मुंबईकर त्याच्या आधी काही वर्षे तेथे जाऊन आला होता.

दोष कधी कधी गुण कसा ठरतो, याचा आणखी एक दाखला गिटारीच्या इतिहासात आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल गावी ध्वनिमुद्रण चालू असता यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन याच्या गिटारीचा आवाज फाटका, घरघरता आला. तो तसाच ठेवला. लोकांना आवडला. पुढे १९६२ मध्ये मुद्दाम तसा आवाज फाडणारा डबा विक्रीला आला. आज पायाने दाबण्याचे जे शेकडो डबे मिळतात, त्यांच्या आद्य पूर्वजांत या बिघाडाची गणना करावी लागते. घुमवणारा डबा अंकांच्या हिशेबावर, म्हणजे डिजिटल रीतीने चालू लागला आणि १९८३ मध्ये पायाखाली मावेल एवढा झाला. आमच्या मंडईत बंद पडला, तो त्याच कुळातला.

*

आता शेवटची पायरी. १९९५ मध्ये रोलँड कंपनीने गिटारीसाठी एक यंत्र आणले आणि पुढे नव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीने ‘व्हॅरिएक्स’ नावाची गिटारच काढली. या गिटारीला वर सांगितलेला चुंबकाचा पिकअप दिसतच नाही. सहा तारा जेथे टेकतात, तेथे प्रत्येक तारेखाली स्वतंत्र संवेदक असतो. तारेचे थरथरणे तेथे अंकांत रूपांतरित होते. पोटात बसवलेला गणकयंत्राचा चिमुकला तुकडा मग हिशेब करतो: हीच तार अमुक सालच्या अमुक लाकडाच्या गिटारीवर असती, पिकअप अमुक इंचांवर असता, तर काय ऐकू आले असते? उत्तर येते ते आवाजाच्या रूपाने. एक गोल बटण फिरवले की साधी लाकडी गिटार, आणखी फिरवले की बारा तारांची, आणखी फिरवले की बॅन्जो. तारा न पिळता हिशेबानेच त्यांचा सूर चढवता-उतरवता येतो. मात्र वाजवणारा हलक्या आवाजात वाजवू लागला, तर खऱ्या तारेचा एक सूर आणि लाउडस्पीकरचा दुसरा, असे दोन्ही त्याला ऐकू येतात आणि तो गोंधळतो!

त्या गोल बटणावर एक जागा सतारीची आहे, हे वाचून मला हसू आले. कारण ती सतार मिरजेची नव्हे. १९६७ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट बेल या वादकाच्या कल्पनेवरून विजेची ‘सतार’ निघाली होती. ती गिटारीसारखीच धरायची. फक्त तिचा आवाज थोडा झणझणीत. व्हॅरिएक्सने तिची नक्कल केली. म्हणजे मिरजेच्या सतारीची अमेरिकन नक्कल, तिची अंकांतली नक्कल, आणि ती समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याकडे सतार म्हणून आलेली.

या गिटारीचे पुढे काय झाले, ते आमच्या बेंजोवाल्यांना ओळखीचे वाटेल. हौशी वादकांना तिचे पोट आवडले, अंग आवडेना. त्यांनी स्क्रू काढले, आतली पाने उचलली आणि आपल्या जुन्या, हाताला सवय झालेल्या गिटारीचे लाकूड कोरून त्यात बसवली. कोणी हिशेबाच्या जोडीला चुंबकाचा खरा पिकअपही घातला आणि दोन्ही आवाज निवडता यावेत म्हणून छोटा खटका लावला. कोणी आतल्या पोकळीला पत्रा चिकटवला. कोणी बॅटरी लवकर संपते म्हणून वीज बाहेरून आणली. कंपनीनेही गणकयंत्रावर चालणारी एक आज्ञावली दिली, तीत काल्पनिक लाकूड आणि काल्पनिक पिकअप निवडून हव्या त्या जागी मांडता येतो. पंपाच्या दुकानातून तार आणणारा आमचा पोरगा आणि हे लोक, यांच्या पैशांत जमीन-अस्मानाचे अंतर असेल. परंतु खाज एकच.

*

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की वाद्यांच्या या इतिहासात आता एक अडचण उभी राहिली आहे. पूर्वी वाद्य उघडल्यावाचून आपले गाणे त्यात बसतच नसे. पायभाता काढल्याशिवाय पेटी सतरंजीवर येईना, पिकअप घातल्याशिवाय बेंजो मिरवणुकीत ऐकू येईना. आज विकतच्या डब्यात शेकडो आवाज तयार भरून येतात आणि बटण दाबले की काम भागते. देवलांनी ज्यासाठी हाडाची काडे केली, ते सुरांचे सूक्ष्म चढउतार आज पुष्कळ कीबोर्डांत एका यादीत आयते मिळतात. मी आमच्याकडच्या तीन-चार कॅसिओवाल्यांना ती सोय दाखवायला सांगितले. एकानेही ती कधी उघडली नव्हती. ज्या वस्तूसाठी बडोद्याला एवढा वाद झाला, ती हाताशी येऊन पडली आहे आणि कोणी तिच्याकडे पाहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक लागणारी. त्या शेकडो आवाजांत तबला आहे, ढोलक आहे. आमच्या दंडारीची ढोलकी नाही, खडी गंमतीचे तुणतुणे नाही. जे डब्यात नाही, ते मांडवातून जाते. जो ढोलक्या रात्रभर हात चालवून घरी चार पैसे नेत असे, त्याच्या जागी पॅडवाला बसतो. यात पॅडवाल्या पोराचा दोष काढण्यात अर्थ नाही. तोही पोटासाठीच वाजवतो. भोंग्यांच्या भिंती उभ्या राहिल्यापासून तर रात्री दहाचा कायदाही कितीदा मोडतो, आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते ते वेगळेच.

गेल्या मंडईच्या आधी मी माझ्या दुरुस्तीवाल्या विद्यार्थ्याला एक काम सांगितले. आमच्या पलीकडच्या गावात सत्तरी ओलांडलेले एक ढोलके आहेत. दंडारीत हयात गेली. त्याने त्यांच्या अंगणात जाऊन त्यांच्या ढोलकीचा एकेक ठोका, शाईवरचा, काठावरचा, ओल्या हाताचा, कोरड्या हाताचा, मोबाइलवर टिपून घेतला. ज्या पॅडात आपले आवाज भरता येतात, त्या जातीचे एक पॅड उसने आणून ते सगळे त्यात घातले आणि वाजवून दाखवले. म्हातारबाबा डोळे मिटून ऐकत राहिले. आम्हाला वाटले, खूश झाले. मग म्हणाले, “आवाज त माह्याच ढोलकीचा हाये, पन हात माहा नाही.”

पोरगा खट्टू झाला. म्हाताऱ्यांनी त्याला जवळ बसवून घेतले आणि त्याच्या बोटांना धरून ठोका कोठून उचलायचा, कोठे सोडायचा, ते दाखवू लागले. तासभर झाला, चहा झाला, तरी सुटका नाही! पॅड बाजूला पडले आणि पोराच्या मांडीवर खरी ढोलकी आली. तो आता दर रविवारी तिकडे जातो. पॅड नसते आणले, तर तो त्या अंगणात कधीच गेला नसता, हे मला कबूल केले पाहिजे.

यंदा त्याने म्हाताऱ्यांच्या घरातले फुटके तुणतुणे मागून आणले. त्याला पोलादी तार चढवली, तळाशी चुंबक आणि वेढे बसवले, आणि मांडवात जोडून दिले. आवाज असा आला की मागच्या रांगेतल्या बायका माना उंचावून पाहू लागल्या. पण पत्रा लावायचा राहून गेला होता, आणि तुणतुण्याच्या आधी विजेचेच घोंगावणे सुरू झाले. म्हातारबाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “पोरा, आधी तुह्या लाइनीचं गुनगुननं बंद कर, मंग माहं आयक.”

त्याने विजेरी दातांत धरली आणि स्क्रू काढायला बसला.